तालुक्याच्या गावात व्यंगचित्र काढणाऱ्यांनी घ्यावयाची काळजी

यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याच्या गावाहून निघणाऱ्या एका साप्ताहिकासाठी मी बरीच वर्षे व्यंगचित्रे काढतो आहे. आमच्याकडे दडपण कागदावर येत नाही. आधी काकांना फोन जातो, मग जाहिरात बंद होते आणि पुढे ओळखीचाच माणूस दाराशी येऊन उभा राहतो. त्यामुळे खरी तयारी चित्र काढण्यापूर्वीच करावी लागते.

कापूस खरेदीतील कडत्यावर, म्हणजे वजनातून केल्या जाणाऱ्या कपातीवर, चित्र काढायचे ठरले, तेव्हा मी आधी तीन शेतकऱ्यांच्या काटापट्ट्यांच्या (वजनाच्या पावत्यांच्या) छायाप्रती घेतल्या. मगच काट्यावर टेकलेले मापाऱ्याचे बोट रेखाटले. मूळ चित्राच्या पाठीमागे तारीख आणि आधाराचे कागद यांची नोंद पेनाने केली. ही सवय प्रत्येकाने लावून घ्यावी, कारण भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीचा आरोप झाल्यास, लोकसेवकाच्या सार्वजनिक वर्तनावर सद्भावनेने मत मांडण्याचा अपवाद तिथेच आहे आणि सद्भावना अशा कागदांवरूनच दिसते. रेघ कृत्यावर असावी. जात, धर्म, घरातील बायका किंवा शारीरिक व्यंग यांवर ती गेली, तर तक्रार करणाऱ्याला आयते निमित्त मिळते; जात-धर्माच्या बाबतीत कलम १९६ (गटांत वैर पसरवणे) किंवा २९९ (धार्मिक भावना दुखावणे) पुढे केले जाते. शिवाय ते चित्र म्हणूनही हलके ठरते, असे माझे ठाम मत आहे.

धमकी आली, तर काहीही पुसू नये. काट्याचे चित्र छापून आल्यावर दुसऱ्या रात्री मला व्हॉट्सॲपवर आवाजी संदेश आला. घरचे घाबरले म्हणून मी तो त्यांच्यासमोर पुसून टाकला आणि सकाळी ठाणेदारांपुढे दाखवायला माझ्याजवळ काहीच उरले नाही. क्रमांक आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढावा आणि मूळ संदेश त्याच फोनमध्ये राहू द्यावा, कारण न्यायालयात असा पुरावा भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मधील प्रमाणपत्रासह द्यावा लागतो.

तक्रार लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. नुसती धमकी न्याय संहितेच्या कलम ३५१ खाली येते व सहसा अदखलपात्र म्हणून नोंदली जाते. त्या नोंदीची प्रत मागून घ्यावी, पुढे प्रकरण वाढले तर तीच पहिला दुवा ठरते. दखलपात्र, म्हणजे पोलिसांना थेट तपास करता येईल असा, गुन्हा असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कोणतीही असली तरी कोणत्याही ठाण्यात तो नोंदवता येतो. ठाण्याने नकार दिल्यास पोलीस अधीक्षकांना नोंदणीकृत टपालाने कळवावे आणि तरीही दाद मिळाली नाही, तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. प्रत्यक्ष मारहाण किंवा कार्यालयाची मोडतोड झाली, तर २०१७ चा प्रसारमाध्यमांतील व्यक्ती आणि संस्था यांच्यावरील हिंसाचार रोखणारा राज्याचा कायदा लावण्याचा आग्रह धरावा. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही असून तपास उपअधीक्षकाहून खालच्या अधिकाऱ्याला करता येत नाही.

गुन्हा आपल्यावरच दाखल झाला, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस मिळताच वकिलासह वेळेवर जावे आणि मूळ चित्रे जप्ती पंचनाम्याची प्रत घेतल्याशिवाय देऊ नयेत. वकील परवडत नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तिथे उत्पन्नाची अट नाही. वकिलांना दोन निर्णय आवर्जून सांगावेत. व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना २०१२ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली होती, त्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च २०१५ रोजी सरकारवरील कठोर टीका आणि हिंसेला चिथावणी यांतील फरक स्पष्ट केला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये, तीन वर्षे किंवा अधिक पण सात वर्षांहून कमी शिक्षेच्या अभिव्यक्तीविषयक तक्रारींत गुन्हा नोंदवण्यापूर्वी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) प्रमाणे प्राथमिक चौकशी करणे उचित असल्याचे म्हटले आहे.

संपादकांनीच चित्र थांबवले, तर भांडू नये. मात्र कारण दोन ओळींत लिहून मागावे आणि ते चित्र तारखेसह जपून ठेवावे. प्रत्येक चित्राची एक छायाप्रत गावाबाहेरच्या विश्वासू माणसाकडे असावी. माझी अमरावतीच्या मावसबहिणीकडे जाते आणि लिफाफा हाती पडताच ती मला फोन करते.