मुलांसोबत ठिपक्यांचं चित्र: आधी गोष्ट, मग रंग

ऑस्ट्रेलियातल्या अबोरिजिनल, म्हणजे तिथल्या मूळनिवासी, लोकांची कला म्हणजे ठिपके, एवढंच सांगून मुलांपुढे रंग ठेवू नका. ठिपके मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातले. उत्तरेला आर्नहेम लँडमध्ये झाडाच्या सालीवर बारीक, एकमेकींना छेदणाऱ्या रेषांनी चित्रं काढतात. मुलांना नकाशात पापुन्या दाखवा. ॲलिस स्प्रिंग्जपासून सुमारे २४० किलोमीटरवरच्या या वस्तीत, जेफ्री बार्डन शाळेत शिकवत असताना, १९७१ साली जाणत्या पुरुषांनी शाळेच्या भिंतीवर मधमुंग्यांचं चित्र रंगवलं. वाळूवर आणि अंगावर काढल्या जाणाऱ्या आकृत्या तिथून फळ्यांवर, कॅनव्हासवर आल्या.

म्हणून सुरुवात वाळूत. परातीत वाळू पसरा आणि मुलांना बोटाने आपल्या अंगणाचा नकाशा काढू द्या: नळ, घसरगुंडी, झाड, वाट. इंटरनेटवरून अबोरिजिनल चित्रांतल्या खुणांचे तक्ते छापून नक्कल करायला देऊ नका. त्या खुणांच्या गोष्टी ठरावीक कुटुंबांच्या मालकीच्या असतात. बाहेरच्यांनी पाहू नयेत अशा काही खुणा तर चित्रकारांनी पुढे ठिपक्यांखाली झाकल्या.

नकाशा खडूने गडद रंगाच्या कापडावर उतरवा. भोवती सहा मुलं, जास्त नकोत.

आता ठिपके. मेलबर्नच्या एका बालवाडीत पहिल्या वर्षी मी प्रत्येकाला रंगाची वाटी आणि ब्रश दिला. दहा मिनिटांत कापडभर चिखल झाला. चार वर्षांची एक मुलगी तिचं झाड जिथे होतं तिथे बोट ठेवून गप्प उभी राहिली. तेव्हापासून ब्रश बंद. बशीत ओलसर स्पंज ठेवा आणि त्यावर दह्याइतका घट्ट रंग पसरा. रंगात पाणी अजिबात घालू नका, सगळा घोळ त्यानेच होतो. कापसाची काडी स्पंजवर टेकवा, कापडावर टेकवा, सरळ वर उचला. मी मोठ्याने म्हणत राहते, "टेकव, उचल." ओढली की ठिपक्याची शेपटी होते. एका फेरीत एकच रंग, आणि तो पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा नाही. कापडाच्या मधून सुरू करून कडेला या, नाहीतर मुलांच्या बाह्या ओल्या ठिपक्यांवरून फिरतात. आणि हे आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीसारखं आधी ठिपके मांडून जोडायचं काम नाही. इथे ठिपके खडूच्या रेषेमागून चालतात.

वाळलं की भिंतीवर लावा. खाली "अबोरिजिनल चित्र" लिहू नका. "आमचं अंगण. ठिपके पाहून शिकलो ते पापुन्याच्या चित्रकारांकडून" असं लिहा, आणि त्याखाली सहाही मुलांची नावं.