रीफ टँकमधले प्रवाळ का मरतात? या चुका टाळा

रीफ टँकमध्ये, म्हणजे प्रवाळ पाळायच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये, प्रवाळ मिटायला लागले की बहुतेकांचा हात आधी बाटल्यांकडे जातो. कॅल्शियम कमी दिसलं, ओता. पीएच कमी दिसला, ओता. माझं मत स्पष्ट आहे: टँक बिघडतात ते आकडा थोडा कमी असल्यामुळे नव्हे, तो सारखा हलत राहिल्यामुळे. अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलण्याची क्षमता, ती डीकेएच या एककात मोजतात) कायम ७.५ डीकेएचवर असेल तर बहुतेक प्रवाळ व्यवस्थित वाढतात. तीच सोमवारी ७ आणि गुरुवारी १० झाली, तर अ‍ॅक्रोपोरासारख्या नाजूक प्रवाळांची टोकं जळतात, बुडापासून मांस सुटून पांढरा सांगाडा उघडा पडतो.

म्हणून आकडा विचित्र आला तर आधी टेस्ट पुन्हा करा. खरंच कमी असेल तर दिवसाला १ डीकेएचहून जास्त चढवू नका. कॅल्शियम आणि अल्कलिनिटीचे डोस लागोपाठ एकाच जागी ओतू नका. दोन्ही एकमेकांशी बांधले जाऊन पाण्यात पांढरी भुकटी तयार होते आणि तुम्ही घातलेलं सगळं वाया जातं. डोस नीट देऊनही दोन्ही आकडे टिकत नसतील तर मॅग्नेशियम तपासा. ते १२५० ते १३५० पीपीएमच्या (दशलक्षात इतके भाग) आसपास हवं.

उडालेल्या पाण्याच्या जागी खारं पाणी

नवख्यांची ही सगळ्यात महागात पडणारी चूक. वाफ होते ती पाण्याची, मीठ टँकमध्येच राहतं. १०० लिटरच्या टँकमध्ये साधारण साडेतीन किलो मीठ असतं. रोज २ लिटर पाणी उडत असेल आणि तेवढंच खारं पाणी तुम्ही भरत असाल, तर रोज ७० ग्रॅम मीठ वाढतं. आठवड्यात ३५ पीपीटीचा (हजारात ३५ भाग मीठ) टँक जवळपास ४० वर पोचतो. टॉप-अप, म्हणजे उडालेल्या पाण्याची भर, नेहमी गोड्या, आरओडीआय (आरओ आणि डीआयोनायझेशन फिल्टरने शुद्ध केलेल्या) पाण्यानेच करा, आणि आठवड्याचं एकदम न भरता रोज थोडं थोडं भरा. ही भर आपोआप घालणारं ऑटो टॉप-अप हे चैनीचं उपकरण नाही. दिवे महागडे घेण्याआधी ते घ्या. खारटपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर मात्र ३५ पीपीटीच्या द्रावणाने तपासून घ्या, नाहीतर चुकीच्या मापावर महिनोन् महिने भरवसा ठेवाल.

नळाच्या पाण्यातून क्लोरीन, फॉस्फेट, सिलिकेट, कधी तांबंही येतं. फिल्टरनंतरचा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या घटकांचं माप) शून्य असायला हवा.

काच स्वच्छ म्हणजे टँक तयार, असं नाही

माशांच्या विष्ठेतून येणारा विषारी अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. कोरड्या दगडांवर तो संपवणारे जिवाणू स्थिरावायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. थोडा अमोनिया घालून चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येतात का, ते पाहा. त्यानंतर वाळूवर तपकिरी थर येईल. ते डायटम्स (सूक्ष्म शैवाल) असतात, सिलिकेट संपलं की आपोआप ओसरतात. त्यासाठी औषध घालू नका.

पण तपकिरी थराला तारा सुटत असतील, त्यात बुडबुडे अडकलेले असतील आणि गोगलगायी मरत असतील, तर ते बहुधा डायनोफ्लॅजेलेट्स (दुसऱ्या प्रकारचे, त्रासदायक सूक्ष्मजीव) आहेत. नायट्रेट आणि फॉस्फेट ही पोषकद्रव्यं पार शून्यावर नेण्याचा अट्टहास हे याचं नेहमीचं कारण. इथे आणखी पाणी बदललं तर त्रास वाढतो. माशांना थोडं जास्त खाऊ घाला, नायट्रेट ५ पीपीएमच्या आसपास आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ च्या दरम्यान येऊ द्या. प्रवाळांनाही तेवढं लागतंच.

रंगावरून घाई

प्रवाळ तपकिरी पडला तर बहुधा प्रकाश कमी आहे किंवा पोषकद्रव्यं जास्त आहेत. पांढरा पडला तर त्याने आपल्या पेशींतलं शैवाल बाहेर टाकलं आहे, आणि त्याचं कारण बऱ्याचदा एकदम वाढवलेला प्रकाश किंवा तापमान असतं. नवी एलईडी कमी तीव्रतेवर सुरू करून काही आठवड्यांत हळूहळू वाढवा. तापमान २५ ते २६ अंशांवर स्थिर ठेवा.

मासे थेट टँकमध्ये

मरीन इक या माशांच्या परजीवी रोगाचे पांढरे ठिपके चार दिवसांत गेले, म्हणजे रोग बरा झाला असं लोक समजतात. प्रत्यक्षात परजीवी माशावरून गळून वाळूत वाढत असतो आणि पुढच्या वेळी कितीतरी पट संख्येने परततो. नवा मासा आधी वेगळ्या टँकमध्ये ठेवा. तांब्याचं औषध फक्त तिथेच वापरा, कारण रीफ टँकमध्ये ते कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळांना मारतं आणि दगडांत मुरून बसतं. रोग मुख्य टँकमध्ये शिरलाच असेल, तर सगळे मासे बाहेर काढून तो सुमारे अडीच महिने माशांविना चालू ठेवावा लागतो.

दगड उकळणं

नको असलेले झोअँथिड किंवा पॅलिथोआ (बटणांसारखे दिसणारे मऊ प्रवाळ) मारण्यासाठी त्यांचा दगड कधीही उकळू नका, गरम पाणी ओतू नका, कोरडा घासू नका. त्यांच्यात पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असू शकतं. ते वाफेतून फुप्फुसांत गेल्यामुळे घरातली माणसं रुग्णालयात दाखल झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. कापाकापी करताना हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. नंतर ताप, खोकला, धाप किंवा तोंडात धातूसारखी चव जाणवली तर लगेच डॉक्टर गाठा आणि झोअँथिड हाताळल्याचं त्यांना आवर्जून सांगा.