आज्जीच्या ट्रंकेला हात लावताय? मग या चुका टाळा

आमच्या पाहुण्यात कुणाचं जुनं घर पाडायचं ठरलं किंवा कुणी म्हातारं माणूस गेलं की मला फोन येतो, वैनी जरा येऊन जावा की, काय ठेवायचं काय टाकायचं काही कळेना झालंय. मी जाते, कारण नाही गेलं तर काय होतं ते बघितलंय. खानापूरकडची दोन, वडगावातली चार, निपाणीतलं एक, एवढी घरं आजवर उपसून झाली. माणसं प्रत्येक घरात वेगळी, खरं चुका त्याच त्याच, आता सांगून सांगून तोंड दुखायला लागलंय म्हणून एकदाच लिहून टाकते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे तेरावा झाला की चौदाव्या दिवशी माळा उपसायला घेणं. पुण्याहून, मुंबईहून, गोव्याहून सगळे आलेले असतात, परत कधी एकत्र जमणार, रात्रीच्या गाडीचं बुकिंग आहे, मग चला आवरून टाकू. आमच्या चुलत सासऱ्यांच्या घरी अगदी हेच झालं. खानापूर तालुक्यातलं कौलारू घर, माळ्यावर पत्र्याची ट्रंक, आत तांबड्या फडक्यात बांधलेलं कागदांचं दप्तर. पुण्याच्या पुतण्यानं सोडून बघितलं, जुन्या मोडी लिपीतलं होतं सगळं, तर म्हणतो कसा, हे कन्नड पण नाही, मराठी पण नाही, ठेवून काय करायचं? मी तेव्हा मागं परड्यात भांडी घासत होते. रद्दीवाल्यानं चार किलो भरले आणि त्या पैशाची पोरांनी भजी आणून खाल्ली.

दोन वर्षांनी त्याच परड्याच्या कुंपणावरून शेजाऱ्याशी लागलं. चुलत सासूबाई ओट्यावर बसून शांतपणे म्हणाल्या, भांडताय कशाला, आज्जानं परडं विकत घेतलेला कागद तांबड्या फडक्यात आहे, काढा की. सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. त्या दिवशी त्या घरातच होत्या, आतल्या खोलीत, आणि त्यांना कुणी एका शब्दानं विचारलं नव्हतं!

पुढं खरेदीखताची नक्कल मिळाली, कारण ते रजिस्टर झालेलं होतं आणि रजिस्टर झालेल्या दस्ताची नक्कल सब-रजिस्ट्रारकडं मागता येते. खरं त्याला साल लागतं, नंबर लागतो, आणि साल कुणाला ठाऊक? हेलपाटे घालून घालून चपला झिजल्या. आणि भावाभावांनी घरातच लिहिलेलं वाटणीपत्र, पोराबाळांच्या जन्माच्या वेळा लिहिलेली आज्जाची वही, ह्याची नक्कल कुठल्या हापिसात मिळणार?

आपल्या बेळगाव भागात ही भानगड जास्तच आहे. १९५६ पर्यंत आपण मुंबई राज्यात, जुने कागद बहुतेक मराठीत, त्यातले कितीतरी मोडीत. १ नोव्हेंबर १९५६ पासून म्हैसूर राज्यात, तिथून पुढं हळूहळू कन्नड. म्हणजे एकाच ट्रंकेत मोडी, बाळबोध म्हणजे देवनागरी, आणि कन्नड अशी तीन अक्षरं, आणि ट्रंक उघडणारा पोरगा इंग्लिश मीडियमचा. त्याला वाचता येत नाही ते बिनकामाचं, असा सरळ हिशोब.

माझी पद्धत अशी, कुणाला पटो न पटो. वर्षश्राद्ध होईपर्यंत घरातून लिहिलेला एक कागद बाहेर जात नाही, वाण्याची यादी असली तरी नाही. सगळं जुन्या धुतलेल्या उशीच्या अभ्र्यात भरायचं आणि कपाटात मधल्या कप्प्यात ठेवायचं, खालच्या नाही (का ते पुढं सांगते). मग सवडीनं मोडी वाचणारं माणूस गाठायचं. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे वर्ग होतात, तिथं शिकून आलेली माणसं आपल्याकडंही आहेत, चौकशी केली की सापडतात. आणि त्याच्याही आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारायचं. तिला ऐकू कमी येतं म्हणून सोडून द्यायचं नाही, कानाशी जाऊन ओरडून विचारायचं.

आता फोटो. ही चूक माझी स्वतःची आहे, म्हणून अजून टोचते. ऑगस्ट २०१९ चा पाऊस बेळगावात कोण विसरलंय? आमच्या घरात गुडघाभर पाणी, आणि अल्बम होते कपाटाच्या खालच्या कप्प्यात. पाणी ओसरल्यावर बघते तर फोटो एकमेकांना चिकटलेले. मला दम कुठला, अर्धवट वाळलेले तसेच ओढून सोडवायला बसले. माझ्या आईचा लग्नातला एकच फोटो होता, तिचा चेहरा निघाला आणि मामाच्या फोटोच्या पाठीला जाऊन बसला. अजून तिथंच आहे. तो मामाचा फोटो मी कुणाला देत नाही.

पलीकडच्या गल्लीत एक जुने फोटोग्राफर होते, ते धावत आले आणि आधी मला शिव्या घातल्या. मग परातीत स्वच्छ थंड पाणी घेतलं, चिकटलेला गठ्ठा त्यात सोडला, आपोआप सुटतील तसे एकेक अलगद उचलले आणि सुती कापडावर तोंड वर करून सावलीत वाळवले. ऊन नाही, इस्त्री नाही, हेअर ड्रायर तर नाहीच नाही. हे एक-दोन दिवसांतच करायला पाहिजे, आठवडाभर ओले पडले की बुरशी धरते. तेवढ्यात जमत नसेल तर मध्ये बटर पेपर घालून पिशवीत भरून फ्रीजरमध्ये टाका, नंतर बघता येतं. उरलेले बहुतेक सगळे तसेच वाचले.

वाचले खरे, खरं त्यातल्या कितीतरी जणांना आता ओळखणारं कुणी नाही. फेट्यातला एक माणूस चार फोटोंत आहे, प्रत्येकात मध्यभागी बसलाय, म्हणजे कुणीतरी मोठा असणार, खरं कोण? म्हणून आता मी अल्बम घेऊन आत्याकडं जाते, दुपारच्या चहानंतर, फोनवर रेकॉर्डिंग चालू करून. आत्या नाव सांगत नाही, म्हणते हा तो, ज्यानं म्हैस विकून हार्मोनियम घेतली. ते तसंच राहू द्यायचं, नाव मागनं येतं. मग फोटोच्या पाठीवर कडेला मऊ पेन्सिलीनं हलक्या हातानं लिहायचं. बॉलपेननं नको, दाबलेलं पुढून दिसतं आणि शाई पसरते. नंतरच्या काळातले प्लास्टिकसारखे गुळगुळीत फोटो असतात त्यावर पेन्सिल उठत नाही, तिथं पाकिटावर लिहा.

फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, काचेसकट दुसरा फोटो काढून घ्या. जुन्या कागदाला लॅमिनेशन नको, एकदा केलं की परत सोडवता येत नाही. सेलोटेप नको, पिवळी पडते आणि डाग ठेवून जाते. जरीच्या लुगड्याला डांबरगोळ्या चिकटून ठेवू नका, जरतार काळी पडते, प्लास्टिकच्या पिशवीत तर मुळीच नको. जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळा आणि सहा महिन्यांनी घडी बदला, नाहीतर घडीवरच चिरतं. देवातले टाक दर सणाला पितांबरीनं खसाखसा घासू नका, आमच्या जावेकडं खंडोबा कुठला आणि यल्लम्मा कुठली हे आता फक्त तिलाच कळतं. बोरमाळ मोडायला नेताना लक्षात ठेवा, जुन्या मण्यांत लाख भरलेली असते, काट्यावर दिसतं तेवढं सोनं त्यात नसतं, मग सोनाराशी भांडू नका.

आणि ते "फोटो काढून घ्या, वस्तू देऊन टाका" म्हणणारे. रीलमध्ये एका मिनिटात कपाट रिकामं होतं, छान वाटतं बघायला. माझ्या भाच्यानं सासऱ्यांच्या विणायच्या मागाचे धोटे, आडवा धागा इकडून तिकडं नेतात ते, असेच फोटो काढून दिले टाकून. वर्षात फोन गटारीत पडला. धोटा हातात घेतला की कडेला बोट घासून घासून पडलेली खाच लागते, ती फोटोत कुठून येणार? ज्यांना एक दुपार धीर धरवत नाही त्यांनी आवराआवरीला येऊच नये, भजी खायला यावं.

खरं सगळंच धरून ठेवणारे पण कमी नाहीत हां. एका दिरांनी वडिलांची अख्खी खोली कुलूप लावून ठेवली, तुटक्या चपलांसकट, आणि वाळवीनं सगळं आरामात खाल्लं. आज्जीची बारा सुती लुगडी पेटीत कुजवण्यापेक्षा त्यांची वाकळ शिवून घ्या, थंडीत नातवंडं पांघरतात तरी. फक्त इरकलीला कात्री लावायच्या आधी लेकींना विचारा. सुनांना नंतर, लेकींना आधी. ह्यावरून एका घरात बोलणं बंद झालेलं मी बघितलंय.

शेवटची चूक, ज्याच्याकडं जागा नाही त्याच्याच गळ्यात वस्तू मारणं. वाटणीत तांब्याचा बंब कुणाला जाणार यावरून चार जावांचं तासभर चाललं, प्रत्येकीला तो पाहिजे होता आणि प्रत्येकजण फ्लॅटमध्ये राहते. शेवटी ठरलं, सध्या वैनीकडं ठेवू. ह्या "सध्या"ला आता नऊ वर्षं झाली. माझ्या मागच्या दारात बंब उभा आहे, दिवाळीला एकदा पेटवते, बुडाला पाझर लागलाय आणि डाग देणारा माणूस काही मिळत नाही. परवा मधल्या जावेला फोन केला, म्हटलं घेऊन जा की तुझा बंब. ती म्हणाली, असू दे वैनी, तुमच्याकडं शोभतो.