भूक कमी असेल तर घास जड करा
वजन वाढवायचंय पण दीड पोळीत पोट भरतं, अशांनी तिसरी पोळी कोंबायच्या मागे लागूच नका, आहे त्याच घासात कॅलरी वाढवा. एक छोटा चमचा तूप म्हणजे ४५ कॅलरी, गरम वरणभातात विरघळून जातं, पोटाला कळतही नाही. मूठभर शेंगदाण्यात दीडशेच्या वर.

माझा भाचा नाशिकरोडला असतो, अगदी काडी होता, ताईने त्याच्या डब्याच्या झाकणात रोज दाण्या-गुळाचे दोन लाडू ठेवायला सुरुवात केली, अकरा वाजता एक, चारला एक, आणि खिशात बेदाणे, ते तर आपल्याकडे चांगलेच मिळतात, १०० ग्रॅमला ३०० च्या आसपास कॅलरी. हळूहळू गालावर मांस दिसायला लागलं, खूप बरं वाटलं बघून.

जेवणाआधी चहा किंवा तांब्याभर पाणी अजिबात नको, तिथेच भूक मरते! काहीच कारण नसताना वजन उतरत असेल तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा. आणि खायचा कंटाळा आला तर प्या, म्हशीचं सायीसकट दूध, एक केळं, तीन-चार खजूर, मिक्सरला फिरवायचं, जेवणानंतर दोनेक तासांनी घ्यायचं.