नखं बुधवारी कापा

यंदा आमच्या सोलापुरातल्या सकाळच्या पळण्याच्या ग्रुपमधल्या सहा जणींनी पहिल्यांदाच २१ किलोमीटर धावण्याच्या स्पर्धेला नाव घातलंय. रोज एक तरी विचारते, "काय काय तयारी करायची, सांगा ना." प्रत्येकीला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. सगळ्यात आधी पायाची नखं कापा. स्पर्धा रविवारी असेल तर बुधवारी कापा. पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल.

गेल्या वर्षी मी सगळं केलं होतं. चार महिने पहाटे उठले, बूट वेळेत घेतले, लग्नाची जेवणं टाळली. शनिवारी संध्याकाळी सामान पलंगावर मांडलं, मोजे हातात घेतले आणि तेव्हा पायाकडे लक्ष गेलं. आमच्या घरात नेलकटर हे कुणाच्या तरी दप्तरात नाहीतर गाडीच्या डिकीत राहणारं जनावर आहे. ते शोधून मागच्या पायरीवर बसते, तोच सासूबाई देवापुढे दिवा लावून बाहेर आल्या. "शनिवार आहे. त्यात तिन्हीसांजा." म्हटलं, "आई, उद्या पळायचंय मला." "मग पळ की. नखं काय पळायला लागतात का?" एवढ्याशा गोष्टीवरून वाद कुठे घालायचा, म्हणून नेलकटर ठेवून दिलं.

तेराव्या किलोमीटरला उत्तर मिळालं. माझं अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब आहे (अशी बायको नवऱ्याला धाकात ठेवते म्हणतात, लग्नात त्यावरून भरपूर चेष्टा झाली होती). पळताना पाय बुटात जरासा पुढे सरकतो, आणि तासाभराने तो सुजतोही. सगळ्यांचाच सुजतो. २१ किलोमीटरमध्ये माझ्यासारख्या छोट्या ढांगेच्या बाईची पंचवीस-तीस हजार पावलं होतात, म्हणजे एका पायाची बारा-पंधरा हजार. तेवढ्या वेळा ते नख बुटाच्या टोकावर आपटलं. आधी नुसतं हुळहुळलं, मग प्रत्येक पावलाला सुई टोचल्यासारखं झालं, मग ओलं वाटायला लागलं. मला वाटलं घाम. घरी येऊन मोजा काढायला गेले तर तो बोटाला चिकटलेला, पुढचं टोक तपकिरी. कोमट पाण्यात पाय बुडवून बसले तेव्हा सुटला. नख जांभळासारखं काळंनिळं झालं होतं, खाली रक्त साकळलेलं. होळीच्या दिवशी आंघोळीनंतर पाय पुसताना अख्खं नख टॉवेलातच आलं. नवीन यायला महिने लागतात, अंगठ्याचं असेल तर वर्ष-दीड वर्ष. माझं आलंय, पण जाड आणि वेडंवाकडं.

तर बुधवारच का? आदल्या दिवशी कापलं आणि चुकून कोपऱ्यात मांस कापलं गेलं, तर ती जखम घेऊनच पळावं लागतं. शिवाय ताज्या कापलेल्या नखाची धार शेजारच्या बोटाला लागते. तीन-चार दिवसांत धार बोथट होते, जखम भरते. आणि घरच्या पंचांगाने बघितलं तर मंगळवार-शनिवार नाही, गुरुवारी सासूबाईंचा उपवास, शुक्रवारी घरात लक्ष्मी. उरतो बुधवार. म्हणजे डॉक्टर आणि सासूबाई या एकाच गोष्टीवर एकमत आहेत, त्याचा फायदा घ्या. आंघोळीनंतर, नख मऊ असताना, सरळ रेषेत कापा. गोलाई देऊन कोपरे खोल कापले की नख मांसात शिरतं. नेलपेंट लावून नखं सुंदर दिसतात म्हणून ठेवू नका, बुटात ती कोण बघणार आहे?

आता बाकीचं.

सरावाचं मी कोण सांगणार, पण चार आठवड्यांत २१ होत नाही. गड्ड्यात, म्हणजे आपल्या सिद्धेश्वराच्या यात्रेत, उंच नंदीध्वज पेलणारी माणसंसुद्धा पिढ्यान्‌पिढ्यांचा मान असूनही यात्रेच्या कितीतरी आधीपासून सराव करतात, आपण कोण लागून गेलो. ज्यांना ५ किलोमीटर न थांबता पळता येतं, त्यांनी निदान तीन महिने धरावेत. आठवड्यातून एकदाच लांब पळायचं, तेही हळू, शेजारणीशी बोलता येईल इतकं हळू. स्पर्धेच्या दोन-तीन आठवडे आधी १६ ते १८ किलोमीटर एकदा झालं की बस. त्यानंतर कमी कमी करत आणायचं. शेवटच्या आठवड्यात "मला जमेल ना?" हे तपासायला कुणीही १५ किलोमीटर पळून येऊ नये. गेल्या वर्षी एकीने गुरुवारी तपासलं, रविवारी ती रस्त्याच्या कडेला टाळ्या वाजवत होती.

विजापूर रोडला कंबर तलावाच्या बाजूने पळणं मजेचं आहे, सकाळी तिथे पक्षी असतात, पण तेवढ्यावर राहू नका. होटगी रोडला आसरा पुलावर चढा आणि विशेषतः उतरा. चढाला दम जातो हे सगळ्यांना माहीत असतं, उताराला बोटं बुटाच्या टोकावर जाऊन आदळतात हे कुणी सांगत नाही. उतरताना बोटं दुखली तर समजा की बूट लहान आहे किंवा नखं मोठी आहेत. बहुतेक वेळा दोन्ही.

एक गंमत सांगते. आपल्याकडे "५ किलोमीटरची मॅरेथॉन" म्हणतात. मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, बाकी सगळं नुसतं धावणं. हे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पळवलं गेलं आणि १९२१ मध्ये कायमचं ठरलं. अर्धी म्हणजे २१.०९७५. ते वरचे ९७ मीटर शेवटी फार लांब वाटतात, एवढ्यासाठी सांगितलं.

बूट. नवे कोरे बूट घालून स्पर्धेला जाऊ नका, हे सगळेच सांगतात, मी पुन्हा सांगत नाही. घेताना मात्र संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय फुगलेला असतो. पळायचे मोजे घालूनच मापून बघा. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, आणि ती सगळ्यात लांब बोटापासून मोजायची. माझ्यासारखं शेजारचं बोट लांब असेल तर तिथून. दुकानदार अंगठा दाबून "बरोबर बसलाय ताई" म्हणतो, त्याचं ऐकू नका. बुटाला घोट्याजवळ सगळ्यात वर एक जादा भोक असतं, मला वर्षभर वाटत होतं ते शोभेचं आहे. लेस त्याच बाजूच्या त्या भोकातून आत घालून छोटं कडं करायचं, दुसऱ्या बाजूलाही तसंच, मग प्रत्येक लेस समोरच्या कड्यातून ओवून ओढायची आणि गाठ मारायची. टाच मागे धरून राहते, पाय पुढे घसरत नाही. हे केलं तरी नखं कापायचीच आहेत. मोजे सुती नकोत, घामाने भिजले की फोड येतात.

जोडवी काढा. हे खास बायकांसाठी, कारण पळण्याची माहिती सांगणारे सगळे पुरुष असतात आणि त्यांना हे सुचत नाही. पाय सुजला की जोडवं बोटात रुततं. वर्षानुवर्षं न काढलेलं जोडवं स्पर्धेच्या सकाळी निघत नाही, तीन आठवडे आधी साबण लावून काढून बघा. घरात कुणी काही म्हणालं तर रविवारी दुपारी परत घालते म्हणावं. लांब मंगळसूत्रही घरी ठेवा. मानेवर घासलं जातं आणि छातीवर आपटत राहतं ते वेगळंच.

व्हॅसलीन काखेत, मांड्यांना आतून, ब्राच्या पट्टीखाली, सढळ हाताने लावा. घाम वाळला की त्याचं मीठ उरतं आणि ते कापडासकट कातडीवर घासतं. आंघोळीला बसल्यावर कळतं कुठे लावायला विसरलो. पुरुषांनी स्तनाग्रांना चिकटपट्टी लावावी, लाजू नये. मागच्या वर्षी शेवटच्या टप्प्यात पांढऱ्या टीशर्टवर दोन लाल रेघा घेऊन पळणारे दोघे तरी मी बघितले.

खाण्याचं आपल्या गावात अवघड आहे, कारण स्पर्धा येतात नेमक्या हुरड्याच्या दिवसांत. शनिवारी शेतावर हुरडा, त्यावर शेंगाचटणी, वर ताक, आणि "उद्या पळायचंय म्हणून थोडंच खाल्लं" हे ऐकायची माझी तयारी नाही. हुरडा पोटात गॅस करतो आणि पळताना तो हलतो. भोगी जवळ आली असेल तर तिळाची बाजरीची भाकरी आणि ती मिसळीची भाजीही रविवारनंतर. एरवी याच्यासारखं जेवण नाही, पण एवढा चोथा आदल्या दिवशी नको. शुक्रवार-शनिवार साधा भात, वरण, बटाटा, दही. तिखट कमी. हो, सोलापुरात राहून. सकाळी निघायच्या दोन तास आधी केळं किंवा ब्रेडला जाम, आणि रोज चहा घेत असाल तर चहा. त्या सकाळी नवीन काहीही पोटात घालायचं नाही, मग ते स्पर्धेच्या पिशवीत फुकट मिळालेलं असलं तरी.

शरीरातला साखरेचा साठा साधारण दीड-दोन तास पुरतो. आपल्याला अडीच-तीन तास लागणार, म्हणून वाटेत थोडी खजूर किंवा चिक्कीचा तुकडा ठेवा, पाऊण तासानंतर थोडं थोडं. पाण्याबद्दल दोन्हीकडची चूक होते. कुणी पितच नाहीत, कुणी प्रत्येक टेबलावर दोन पेले. नुसतं पाणी पीत राहिलं की रक्तातलं सोडियम कमी होतं, डोकं गरगरतं, आणि लोकांना वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून आणखी पाजतात. तहान लागेल तेवढं प्या, अधूनमधून ओआरएस. त्याचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं, एका पेल्यात ओतायचं नसतं. घरी करायचं तर एक लिटरला सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचे चहाचे. सुरुवातीला अंधार आणि थंडी असते, सूर्य सातच्या सुमाराला वर येतो, म्हणून फसायला होतं. नऊ वाजता सोलापूरचं ऊन जानेवारीतही पाठीवर बसतं. आणि दुखू नये म्हणून आधीच गोळी घेऊन पळू नका. शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना त्या गोळ्यांचा ताण मूत्रपिंडावर पडतो.

बुधवार झाला का? मग उठा आणि कापून या. मी थांबते.

नळाला पाणी कुठल्या रात्री येणार तेही बघून ठेवा. आमच्या गल्लीत चार दिवसांनी येतं, आणि शनिवारी रात्री दोनला आलं तर घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी आधीच कामाला लावा. हंडे भरून २१ किलोमीटर होत नाही. शनिवारी झोप लागत नाहीच, त्याची काळजी नको. शुक्रवारी मात्र नीट झोपा.

नंबर शनिवारीच टीशर्टला लावा, चारही कोपऱ्यांना पिना, घडी घालू नका, मागे वेळ मोजायची चिप असते. मागच्या बाजूला रक्तगट आणि घरच्यांचा फोन लिहा. घरच्यांचा म्हणजे जो फोन उचलतो त्याचा.

रविवारी पोट साफ करूनच निघा, तिथल्या रांगा भयंकर असतात. लवकर पोचा. यात्रेची तयारी सुरू असेल तर रस्ते वळवलेले असतात. १२ जानेवारीच्या आसपास चार पुतळ्यांपाशी भेटायचं ठरवू नका, स्वातंत्र्यलढ्यातल्या त्या चौघा हुतात्म्यांना १९३१ साली त्याच तारखेला फाशी झाली, तिथे अभिवादनाची गर्दी असते. सुरुवातीला सगळे सुसाट सुटतात, सुटू द्या. तीन तासांची मर्यादा असेल तर किलोमीटरला साडेआठ मिनिटं पुरतात. आठ-सव्वाआठने पळा, वर निदान पाच-सहा मिनिटं हाताशी राहतात, त्यात पाण्याजवळ चालून घ्या. अठराव्याला रडू येतं, येऊ द्या. कोपऱ्यावरची पोरं "पळा की काकू, संपलंच की" म्हणतात तेव्हा संपलेलं नसतं.

नंतर लगेच बसू नका, चाला. काहीतरी खा. पिशवीत कोरडा टीशर्ट, पुढून उघडी चप्पल, टॉवेल. टॉवेलांच्या गावात राहून गेल्या वर्षी मी टॉवेलही विसरले होते, पण त्याने कुणाचं नख जात नाही.

यंदाची स्पर्धा येत्या रविवारी आहे, आज मंगळवार. नेलकटर मुलाने गिटार वाजवायच्या आधी नेलं होतं, त्याच्या खोलीत नाही, गाडीच्या डिकीत नाही. उद्या सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून नवीन आणते.