मुंबईहून आंबोली: स्थलांतरित फुलपाखरांसाठी

पावसाळा ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, ब्लू टायगर आणि कॉमन क्रो ही फुलपाखरं पूर्वेकडच्या मैदानांतून सह्याद्रीकडे परततात. आकडा दरवर्षी बदलतो, म्हणून दोन मुक्काम धराच.

पुणे-कोल्हापूर-निपाणी-आजरा असा रस्ता घ्या. अंतर साधारण ५०० किलोमीटर. पहाटे निघा, घाट अंधारात नको.

सकाळी ऊन चढलं की खुळखुळ्याची झुडपं शोधा. नर सुकलेल्या फांद्या-शेंगांवर सोंड टेकवून रस शोषतात. त्यातल्या अल्कलॉइड या रसायनापासून मादीला आकर्षित करणारा गंध बनतो. इतके गुंग असतात की हातभर अंतरावरून दिसतात! तुमची सावली मात्र पडू देऊ नका. ढग आले की उडणं थांबतं. तेव्हा घाई न करता थांबा. थवा रस्ता ओलांडत असेल तर वेग २०वर आणा, काचेवर आपटून फार मरतात.