नव्या गाडीचे टायर बदलायला धावू नका. आधी या चुका टाळा

नवी गाडी दारात येऊन आठवडा होत नाही तोच तक्रारी सुरू होतात. गाडी उडते, आवाज करते, एका बाजूला ओढते. मग लोक कंपनीचे कोरे टायर टायरवाल्याच्या गळ्यात घालतात आणि वर पैसे मोजून दुसरे बसवतात. हा उतावळेपणा बघून खरंच जीव तुटतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे डिलिव्हरीच्या दिवशी हवा न तपासणं. कारखान्यातून निघालेली गाडी यार्डात बरेच दिवस एकाच जागी उभी राहते. टायर खालून चपटे होऊ नयेत म्हणून त्यांत बऱ्याचदा जास्त हवा ठेवलेली असते. ताब्यात देताना ती कमी करायची असते, पण हार-नारळाच्या गडबडीत ते राहून जातं.

माझ्या मेहुण्याची गाडी अशीच आली. घोडबंदर रोडवर माजिवड्यापासून गायमुखपर्यंत रस्त्याचा एकेक सांधा पाठीला कळत होता. शोरूमवाले म्हणाले, "नवीन आहे साहेब, सस्पेन्शन सेट होईल." पहिल्या पावसात मानपाड्याच्या सिग्नलला ब्रेक मारला तर गाडी सरकून झेब्राच्या पार पुढे जाऊन थांबली. मेहुणा घाबरला आणि चारही टायर बदलायचा सौदा ठरवून मोकळा झाला. मी म्हटलं, "दाजी, एक सकाळ थांबा." दुसऱ्या दिवशी गाडी हलायच्या आत पार्किंगमध्येच माझा हवा मोजायचा गेज लावला. चारही चाकांत चाळीस पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) वर! ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरचा स्टिकर सांगत होता 33. जास्त हवा असली की टायरचा फक्त मधला पट्टा रस्त्याला नीट टेकतो. पकड जाते आणि झीजही मधेच होते. हवा उतरवली आणि त्याच रस्त्यावर गाडी शांत झाली. सौदा रद्द केला.

टायरच्या कडेला 44 किंवा 51 पीएसआय छापलेलं असतं ती कमाल मर्यादा, भरायचा आकडा नव्हे. तो वाचून हवा भरणारे पाहिले की मी हटकतोच. उन्हात पाम बीच रोडने येऊन लगेच मोजलंत, तर गरम टायर जास्तच दाखवणार; तेवढ्यावर हवा सोडू नका, थंड झाल्यावर ती कमी पडेल. साधा गेज घेऊन डिकीत ठेवा. नायट्रोजनचं फार मनावर घेऊ नका, साध्या हवेतही 78 टक्के तोच असतो. महिन्यातून एकदा तपासणं जास्त महत्त्वाचं.

दुसरी चूक म्हणजे गाडी ओढते म्हणून अलाइनमेंटवर (चाकांचे कोन जुळवणं) अलाइनमेंट करत सुटणं. पाणी वाहून जावं म्हणून आपल्या रस्त्यांना कडेकडे उतार असतो, त्यामुळे डाव्या लेनमध्ये गाडी थोडी डावीकडे जाणारच. सपाट रस्त्यावर बघा. तरीही ओढत असेल तर दोन्ही बाजूंची हवा सारखी करा आणि पुढची दोन चाकं आपसात बदला. मात्र टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर हा प्रयोग करू नका. ओढ बाजू बदलून आली तर दोष टायरचा. त्याच बाजूला राहिली तर अलाइनमेंट किंवा ब्रेक बघा. पाच मिनिटांत कळणाऱ्या गोष्टीसाठी लोक महिनाभर गॅरेजच्या चकरा मारतात.

दोष टायरचाच निघाला तर शोरूममध्ये भांडून उपयोग नाही. टायरची वॉरंटी सहसा टायर कंपनीची असते, कागद डॅशबोर्डच्या खणातल्या पुस्तकांसोबत मिळतात. दावा करायचा तर तोच टायर तपासणीला द्यावा लागतो. म्हणून एक्स्चेंजची घाई नको, टायर विकला की दावाही गेला.

लिंबं ठेवायला वाकाल तेव्हा टायरवरची तारीखही वाचा: 3524 म्हणजे 2024 चा पस्तिसावा आठवडा. पूर्ण आकडा एकाच बाजूला असतो, कधी आतल्या.

खड्ड्यात आदळून कडेला फुगा आला तर आतले धागे तुटलेले असतात. टायर त्याच दिवशी बदला, दुरुस्ती सांगणाऱ्याकडे जाऊ नका.

पहिले दोनेकशे किलोमीटर दमाने चालवा, कोऱ्या रबराची पकड हळूहळू येते. पावसाळ्यात तर जास्तच जपून.

स्टेपनी लहान मापाची असेल तर तिच्यावर 80 लिहिलेलं असतं. त्या वेगाच्या वर जाऊ नका आणि पंक्चर निघालं की उतरवा. तिच्यातली हवाही गेज हातात असतानाच बघून घ्या.